लेक म्हणू नका

निपाणीहून बेळगावला जबड्याची जखम धुवून घ्यायला गेलो होतो. दोन दिवसांचं काम, आठ दिवस झाले. चाळीस वर्षं तंबाखूच्या वखारीत मुकादम होतो. माझ्यापुढं कुणी तोंड वर करून बोललं नाही. कॅन्सरच्या वॉर्डातही मी तसाच वागलो.

नीलम नावाची नर्स होती. पहिल्याच दिवशी म्हणाली, "आप्पा, सिस्टर म्हणा. लेक म्हणू नका."

"का गं? वाईट बोललो व्हय?"

"लेक म्हणता आणि लगेच शिव्या देता. घरी लेकीला असंच बोलता?"

"मला लेक न्हाय."

"मग बरं हाय तिचं."

त्या दुपारी पट्टी काढताना कळ आली. मी ट्रे भिरकावला. 'तुझा बाप असाच सडू दे,' म्हणालो. तिचा हात थांबला. आवाज मात्र चढला नाही.

"मी दहा मिनिटं बाहेर थांबते. शांत झालात की पट्टी करीन."

ती गेली. पडद्यावर ऊन होतं. शेजारची खाट रिकामी. पंखा हळू होत थांबला. मग जखमेचा वास आला... माझ्या जखमेचा नव्हे. समोरून.

स्टुलावर एक बाई बसली होती. पांढरं लुगडं, मान खाली.

"कोण गं तू?"

"लेक."

"जा इथनं."

"मी न्हाय उठत, आप्पा... बोला."

मी शिवी दिली. तिचा गाल सुजला. दुसरी दिली. गाल फाटला. तिथंच थांबायला हवं होतं. थांबलो नाही. कुणीतरी मुकाट ऐकून घेतंय, याचं मला बरं वाटत होतं. आज हे सांगताना लाज वाटते. तिसऱ्या शिवीला तिचा जबडा लोंबला, डोळ्यांतलं पाणी स्टुलावर टपकलं, तरी शब्द आला, "अजून..."

मी डोळे मिटले आणि ओरडलो, "सिस्टर!"

नीलम धावत आली. स्टूल रिकामं होतं.

"चुकलं, सिस्टर," मी म्हणालो. जखमेपेक्षा ते दोन शब्द जास्त दुखले.

"बरं. पण परत तसं बोललात तर परत बाहेर जाईन."

"जावा. खरंच जावा. बसून ऐकू नका."

ती पट्टी करायला स्टुलावर बसणार, तोच थबकली.

"आप्पा, हे ओलं कशानं झालं?"

तिनं कापसानं स्टूल पुसलं. पाणी कोमट होतं. दुसरा कापूस घ्यायला ती वळली, तेवढ्यात ते परत ओलं झालं.