भर उन्हातला अंधार

फोटो पुन्हा बिघडला होता.

शाल्मली कारखान्याच्या अंगणात टळटळीत उन्हात उभी राहिली होती. कॅमेऱ्यातून जाड कागद बाहेर आला तेव्हा तो काळपट हिरवा होता. हळूहळू चित्र उमटले, पण तिची लालभडक ओढणी विटकी दिसत होती आणि चेहरा पिठात बुडवल्यासारखा.

"सावलीत झकास येतो आणि उन्हात पांढराफटक!" वृंदाआत्या वैतागून म्हणाली.

साल होते २०६३. डॉ. वृंदा तांडेल, म्हणजे शाल्मलीची आत्या, खेडजवळच्या एका छोट्या कारखान्यात झटपट रंगीत फोटोंची फिल्म बनवत होती. लोक हसायचे. प्रत्येकाच्या मनगटपट्टीत कॅमेरा असताना कागदी फोटो हवेत कुणाला? पण आत्याने मागच्या चक्रीवादळानंतरचे निवारा केंद्र पाहिले होते. टॉवर आडवे झालेले, वीज गेलेली, मनगटपट्ट्या बंद. हरवलेल्या पोरांची ओळख पटवायला एकही चित्र हाताशी नव्हते. विजेशिवाय तयार होईल आणि टाचणीने फळ्यावर लावता येईल असा फोटो तिला हवा होता. तोही भर उन्हात, कारण अशा केंद्रांवर छप्पर शिल्लक असेलच असे नाही. आणि वादळांचा हंगाम तोंडावर आला होता.

"आत्या, मला एक कळत नाही," शाल्मली म्हणाली. "फिल्म बनवताना उजेडाचा कवडसासुद्धा चालत नाही. म्हणून तर ते काम घुबड करतो. मग तीच फिल्म कॅमेऱ्यातून थेट उन्हात येते, तरी वाया कशी जात नाही?"

घुबड म्हणजे कारखान्यातला यंत्रमानव. मिट्ट काळोखातही त्याला दिसायचे.

"नेमकं बोट ठेवलंस," आत्या म्हणाली. तिने बिघडलेला फोटो कात्रीने कापून त्याची कड दाखवली. "हा दिसतो एक कागद, पण आत पुष्कळ थर आहेत. त्यांतले तीन उजेड ओळखणारे. एकाला निळा प्रकाश कळतो, दुसऱ्याला हिरवा, तिसऱ्याला लाल. प्रत्येकात चांदीचे क्षार (उजेड लागताच बदलणारे बारीक कण) असतात आणि प्रत्येकाच्या शेजारी एकेक रंग. निळ्याजवळ पिवळा, हिरव्याजवळ किरमिजी, लालजवळ मोरपंखी."

"असे उलटे का?"

"मुद्दाम. फोटो बाहेर येताना दोन रुळांमध्ये दाबला जातो. कडेची पुडी फुटते आणि आतली खळ सगळीकडे पसरते. ती आम्लारी (आम्लाच्या उलट गुणाची, चुन्याच्या निवळीसारखी) असते. तिच्यामुळे रंग सुटे होऊन वरच्या थराकडे निघतात. पण जिथे उजेड पडलाय, तिथला रंग जागच्या जागी अडकतो. आता सांग, तुझ्या लाल ओढणीने कुठला थर जागा केला?"

"लाल ओळखणारा."

"मग कुठला रंग अडकला?"

"मोरपंखी. म्हणजे पिवळा आणि किरमिजी वर पोचले..." शाल्मलीचे डोळे चमकले. "आणि दोन्ही मिळून लाल झाला!"

"शाबास. आता तुझं कोडं." आत्याने बशीत हळदीचे पाणी घेतले आणि त्यात चुन्याची निवळी टाकली. पाणी लालबुंद झाले. मग तिने लिंबू पिळले, तशी पुन्हा पिवळी हळद दिसू लागली. "हळद हा दर्शक आहे (आम्ल की आम्लारी, हे रंग बदलून सांगणारा पदार्थ). आपल्या खळीतही एक दर्शक असतो. आम्लारीत तो गडद होतो. खळीतल्या पांढऱ्या भुकटीबरोबर मिळून तो फिल्मवर पडदाच टाकतो. त्या पडद्याखाली, भर उन्हात, अंधार असतो! काम संपलं की खालच्या आम्लाच्या थरापर्यंत आम्लारी पोचते आणि तिचा जोर मरतो. दर्शक रंगहीन होतो, पडदा उठतो आणि पांढऱ्या भुकटीवर चित्र दिसतं."

"मग आपला पडदा कुठे चुकतोय?"

"तेच तर शोधायचंय."

दुसऱ्या दिवशी शाल्मलीने छत्रीचे काळे कापड घेतले. काही फोटो बाहेर येताच झाकले आणि थोड्या वेळाने उन्हात उघडे केले. काही आधी उन्हात ठेवले आणि मग झाकले. आधी झाकलेले सगळे विटले. नंतर झाकलेले मात्र छान निघाले.

"पडदा पडतो नीट," ती धावत येऊन म्हणाली, "पण काम संपायच्या आतच उठतो! मागाहून शिरलेला उजेड उरलेले रंगही अडकवतो. म्हणून फोटो फिका!"

आत्याने उन्हात तापलेल्या फोटोवर बोट टेकवले. "ऊन तापतं ना! आम्लारीला थोपवून धरायला मध्ये एक थर आहे. उष्णतेने तो सैल होत असणार आणि आम्लारी लवकर पार होत असणार."

त्यांनी थोपवणारा थर जाड केला. उन्हात फोटो सुधारले, पण पहाटेच्या गारव्यात पडदा उठता उठेना. नवा थर हवा होता. गरम झाला तरी घाई न करणारा.

आत्याकडे निरनिराळी बहुवारिके होती (रेणूंच्या लांब साखळ्यांचे, प्लॅस्टिकच्या जातीचे पदार्थ). प्रत्येकाची फिल्म बनवून पाहायची तर हंगाम उलटून गेला असता.

"फिल्म कशाला?" शाल्मली म्हणाली. "हळदीचा कागद ठेवू. वर तुझा थर, त्यावर खळ. कागद खालच्या बाजूने लाल झाला की समजायचं, आम्लारी पार झाली. एक कागद गार पाण्याच्या काचेच्या भांड्यावर, एक गरम पाण्याच्या."

मग दोघी कामाला जुंपल्या. कागदामागून कागद लाल होत गेले. गरम भांड्यावरचा दर वेळी आधी. शाल्मलीची बोटे पिवळी झाली, आत्याचा आवाज बसला. घुबड मान वळवून विचारायचा, "अजून एक?" आणि दोघी म्हणायच्या, "अजून एक."

शेवटी एका थराखालचे दोन्ही कागद जवळजवळ बरोबरच लाल झाले. तापल्यावर ते बहुवारिक सैल होण्याऐवजी आक्रसत होते. आत्याने शाल्मलीला जवळ ओढले. घुबड फिल्म बनवायला काळोखात शिरला.

वादळ आले ते ती फिल्म डब्यांत भरून झाल्यावर. ओसरले तेव्हा खाडीकाठच्या शाळेत निवारा केंद्र उघडले. छपराचे पत्रे उडाले होते आणि लख्ख ऊन पडले होते. तिथे तीनेक वर्षांचा एक मुलगा होता. नाव विचारले की फक्त "बाबू" म्हणायचा आणि रडायचा. शाल्मलीने त्याला भिंतीशी उभे केले. कागद बाहेर आला, काळपट. तिने तो झाकला नाही. उन्हातच धरून ठेवला.

आधी निळा सदरा दिसला, मग गालावरचा तीळ, मग ओले डोळे. सगळे स्वच्छ, रसरशीत.

तो फोटो होडीतून पलीकडच्या केंद्रावर गेला. संध्याकाळ व्हायच्या आत त्याच होडीतून एक बाई आली. फोटो तिने पदराखाली छातीशी धरला होता. मुलाने तिला पाहिले आणि धावतच सुटला.

आत्याने चष्मा काढून पुसला. शेजारी उभ्या असलेल्या मदतपथकाच्या प्रमुख बाई फळ्यावरचे फोटो निरखत होत्या. "आमचं एक पथक लडाखला असतं," त्या म्हणाल्या. "तिथल्या हिमात चालेल का हे?"

आत्या शाल्मलीकडे पाहू लागली.

"अजून नाही," शाल्मली म्हणाली. "तितक्या थंडीत खळच गोठेल. पण न गोठणारी खळ करता येईल. आम्ही उद्यापासून लागतो."