उभ्या हाताची खूण

मंगळवार, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. क्लबच्या इमारतीची लिफ्ट बंद होती आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जिन्यातला दिवा गेला होता.

ती आदल्याच दिवशी नोकरीवर रुजू झाली होती. दुखापत झालेल्या खेळाडूंकडून व्यायाम करून घ्यायचा, त्यांना पुन्हा उभं करायचं, हे तिचं काम. दोन्ही हातांत बर्फाच्या पिशव्या घेऊन ती वर निघाली होती. वळणावर पायरीवर कोणीतरी बसलं होतं. अंधारात आधी नुसते गुडघेच दिसले.

"दिवा बदलायला आलात ना?" तिनं विचारलं. "बल्ब तिथे कठड्यावर ठेवलाय. शिडी कुठेय तुमची?"

माणूस जरा थांबला. "शिडी लागत नाही मला."

तो उठला. उठतच राहिला. "ही काठी धरा जरा," म्हणाला आणि हात वर करून त्यानं बल्ब फिरवला. उजेड पडला. तेव्हा तिला दिसलं ते असं — डावी पोटरी उजवीपेक्षा बारीक, टाचेमागे बोटभर लांब टाक्यांची खूण, आणि खालच्या दारातल्या भल्यामोठ्या फोटोत असलेला चेहरा.

"अगंबाई... तुम्ही!"

"कालपासून त्या फोटोखालून जाता-येता आहात. ओळखलं नाहीत?"

"फोटोत तुमचे पाय जमिनीवर नाहीत."

तो मोठ्यानं हसला. मग ते हसू विझत गेलं. "आता आहेत," तो म्हणाला. "पाच महिने झाले. जमिनीवरच आहेत."

त्याला लोक मनोरा म्हणत. वय एकतीस, उंची दोन मीटर अकरा सेंटिमीटर, सलग सहा हंगाम संघाचा सेंटर. सेंटर म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा आणि हुकलेला चेंडू सगळ्यांच्या आधी हवेतून काढून घेणारा. गेल्या हंगामात अशाच एका चेंडूसाठी उडी घेताना त्याच्या टाचेमागची शीर तुटली होती. मनोरा पुन्हा पूर्वीसारखा उडेल का, यावर चहाच्या टपरीपासून टीव्हीपर्यंत सगळे बोलत होते. ज्याच्याबद्दल बोलत होते तो बोलत नव्हता.

ती मात्र त्या दिवसापासून त्याला शिडी म्हणू लागली.

सर — म्हणजे संघाचे प्रशिक्षक — नियमांचे पक्के होते. सेंटरची उडी पासष्ट सेंटिमीटर नसेल तर सामना सुरू करणाऱ्या पहिल्या पाचांत जागा नाही. मोजायची पद्धतही त्यांनीच घालून दिलेली होती. व्यायामाच्या खोलीत भिंतीवर उंच काळा फळा. खेळाडूनं मधल्या बोटाला खडू फासायचा, भिंतीला खांदा लावून टाचा टेकवून उभं राहायचं, हात वर ताणायचा आणि खूण करायची. हा उभा हात. मग उडी मारून वर दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे उडी. उड्या तीनच, त्यातली सर्वांत उंच धरायची. उभा हात दर वेळी नव्यानं घ्यायचा. आकडा नोंदवहीत, खाली तिची सही.

शीर तुटण्याआधीचा त्याचा आकडा होता एकाहत्तर. काठी सुटली, दोन महिने नुसत्या टाचा उचलणं झालं, आणि एका मंगळवारी सात-दहाला त्यानं पहिली उडी मारली. एकोणतीस.

"एकोणतीस," तो फळ्याकडे बघत म्हणाला. "एवढं तर माझी ताई साडी नेसून मारेल."

"ताईंना घेऊन या. संघात घेऊ."

"अजून एकदा मारू?"

"तीन झाल्या. तीनच."

"डॉक्टर, तुम्ही फार कडक आहात हो."

"मी डॉक्टर नाही."

"मग काय म्हणू?" — हे विचारताना तो फळ्याकडे बघत नव्हता.

तिनं ओलं फडकं घेतलं आणि खुणा पुसायला हात वर केला. तिचा हात त्याच्या कपाळापर्यंतच पोचला. त्यानं फडकं तिच्या हातातून अलगद काढून घेतलं. बोटाला बोट लागलं. खडूचा पांढरा डाग तिच्या मनगटावर उमटला आणि दुपारपर्यंत तिनं तो धुतला नाही. नोंदवहीत यातलं काही नाही. तिथे फक्त आकडे आहेत — एकोणतीस, चौतीस, सदतीस, एक्केचाळीस.

पन्नासाचा आकडा गाठला त्या दिवशी तो तिला ताईच्या दुकानात घेऊन गेला. ताईचं शिवणकामाचं दुकान होतं. तयार कपड्यांत त्याच्या मापाचं काही मिळत नाही, त्यामुळे शाळेपासून त्याचा प्रत्येक सदरा तिथेच शिवला गेला होता.

"ये गं, बस," ताई म्हणाली. "हीच का ती, उड्या मोजणारी? आम्ही आयुष्यभर याची मापं काढली, आता तू काढ."

"ताई, कामाचं बोल."

"कामाचंच बोलतेय. ऐक हं, याचं माप घेताना लक्ष ठेवत जा. लहानपणापासून लबाड आहे. टेप लावली की हळूच खांदा पाडतो. वर्गात सगळ्यांत उंच होता ना, लाज वाटायची. मला वाटायचं बाही बरोबर झाली, आणि घातली की मनगट उघडं!"

"ताई!"

"ओरडतोस कशाला? खोटं आहे का?"

ती पोट धरून हसली. तो कानापर्यंत लाल झाला.

बाहेर पडले तर पाऊस. छत्री एकच, तिची.

"या छत्रीत मी मावणार नाही," तो म्हणाला.

"तू धर. मी मावते."

'तू' तिच्या तोंडून सहज गेलं होतं. दोघांनाही ते ऐकू आलं. त्यानं छत्री धरली ती इतकी उंच, की पाऊस तिरका येऊन तिला पुरता भिजवू लागला.

"अरे, छत्री कोणासाठी धरलीयस? ढगांसाठी?"

तेव्हा त्यानं डावा खांदा खाली पाडला. अगदी हळू, जरा लाजत. छत्री तिच्या डोक्याशी आली, त्याचं स्वतःचं डोकं बाहेर राहिलं. ताई म्हणाली होती ते हेच, तिला वाटलं... आणि त्या वाकलेल्या खांद्याला तिनं आपलं कपाळ टेकवलं.

"शिडी," ती म्हणाली, "माझ्याकडे बघताना असाच वाकत जा."

"फक्त तुझ्यासाठी हं. बाकी कोणासाठी वाकणार नाही."

पुढचे तीन महिने चांगले गेले. चोपन्न, सत्तावन्न, साठ, बासष्ट. मग पुन्हा बासष्ट. एकसष्ट. बासष्ट. बासष्ट. सहा आठवडे आकडा तिथून हलला नाही. तिनं व्यायाम बदलले, विश्रांती वाढवली, शूज बदलून पाहिले. शिवलेल्या शिरेतून काय मिळू शकतं आणि काय नाही, हे तिच्या शिक्षणानं तिला सांगितलं होतं. तिनं ते त्याला सांगितलं नाही.

"होईल," ती म्हणायची.

हंगामाआधीच्या शेवटच्या मंगळवारी सर खोलीत नव्हते. ते मैदानावर होते, आकड्याची वाट बघत. त्यानं खडू फासला, भिंतीला खांदा लावला, टाचा टेकवल्या आणि डावा हात वर केला.

डावा खांदा हळूच खाली गेला.

फार नाही, आणि ताईच्या दुकानात ती गेली नसती तर तिला कळलंही नसतं. त्यानं खूण केली. तिनं टेप लावली — दोनशे त्र्याहत्तर. नोंदवहीत आधीच्या सव्वीस मंगळवारी त्याचा उभा हात दोनशे शहात्तर होता. एकतीस वर्षांचा माणूस एका आठवड्यात तीन सेंटिमीटर आखूड होत नाही.

तो समोर बघत होता. तिच्याकडे नाही.

त्यानं तीन उड्या मारल्या. सर्वांत वरची खूण तीनशे अडतीस. वजाबाकी पासष्ट.

"किती?" त्यानं विचारलं.

ती नोंदवहीसमोर उभी राहिली. 'उभा हात पुन्हा घे,' एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. त्याच्या मानेवरून घाम उतरत होता आणि श्वास अजून खाली बसला नव्हता.

"पासष्ट," ती म्हणाली आणि सही केली.

त्यानं तिला उचलून घेतलं. ती हसलीसुद्धा. सरांनी आकडा ऐकला, एकदा तिच्याकडे पाहिलं. "नक्की ना, बाई?" "हो, सर." सरांनी पहिल्या पाचांत त्याचं नाव लिहिलं.

पहिले दोन सामने जुन्या नावावर निघाले. समोरचे त्याला घाबरून होते. तिसऱ्या सामन्यातल्या सेंटरचं वय बावीस होतं, आणि त्यानं मनोऱ्याला लहानपणी फक्त टीव्हीवर पाहिलं होतं. शेवटच्या चार मिनिटांत तीन चेंडू बास्केटच्या कडीवर आपटून वर उडाले. तिन्ही वेळा मनोरा उडाला. तिन्ही वेळा चेंडू त्याच्या बोटांच्या टोकांवरून गेला. टीव्हीवाल्यांनी तिसरा चेंडू थांबवून, गोल काढून दाखवला — बोटं इथे, चेंडू तिथे. मधली फट दोन-तीन बोटांची. सामना एका गुणानं गेला. सरांनी शेवटच्या मिनिटात त्याला बाहेर बसवलं आणि तो डोक्यावर टॉवेल घेऊन बाकावर बसला. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडलं, "मनोरा पाडा, पार्किंग करा!" बरेच लोक हसले.

पुढचा मंगळवार. सात-दहा. ती आली तेव्हा तो फळ्यापुढे उभा होता, बोटाला खडू लावून.

"मोज," तो म्हणाला.

या वेळी खांदा वर होता. हात इतका ताणलेला, की बगलेतली शीर दिसत होती. दोनशे शहात्तर. मग तीन उड्या. तीनशे अडतीस.

"बासष्ट," ती म्हणाली.

"त्या दिवशीही बासष्टच होते."

"...हो."

"तुला तेव्हाच कळलं होतं."

"खांदा पाडलास तेव्हाच."

त्यानं बोटावरचा खडू पँटला पुसला. "मी घाबरून केलं. लबाडी केली, मान्य. मला वाटलं, तू पकडशील. खरं सांगू? पकडावंस असंही वाटत होतं. तू म्हणशील, गप उभा राहा नीट, तीन कमी आहेत, आणू. तू का नाही म्हणालीस?"

"तुझ्यासाठी. तुला खेळायचं होतं."

"मला पासष्टला खेळायचं होतं."

खालच्या मैदानावर कोणीतरी एकटाच चेंडू आपटत होता.

"एक विचारतो. सरांना, टीव्हीला, कोणाला नाही, तुलाच विचारतो." तो खाली वाकला नाही. त्यामुळे तिला मान पूर्ण वर करावी लागली. "मी परत तिथे पोचेन असं तुला वाटतं का?"

तिच्यापुढे सहा आठवड्यांचे आकडे होते. शिवलेली शीर होती. आणि तो होता. 'होईल' हा शब्द तिनं आधी इतक्यांदा सहज उच्चारला होता, की आता तो ओठांवर येईना. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पुढे सरकत राहिला. नंतर तिनं मनात हिशेब केला तेव्हा तिला वाटलं, चार सेकंद असतील. फार तर पाच.

"राहू दे," तो म्हणाला. "कळलं."

"अरे, थांब ना... ऐकून तर घे—"

"तीन सेंटिमीटर तू मला उसने दिले नाहीस. तू फक्त मी तिथे पोचायची वाट बघणं थांबवलंस. त्याआधीच कधीतरी. मला सांगितलं नाहीस एवढंच."

त्या सकाळी तिनं नोंदवही उघडून पासष्टवर रेघ मारली, बाजूला बासष्ट लिहिलं आणि वही सरांपुढे ठेवली. सरांनी बराच वेळ ती वाचली. "आता लिहून काय उपयोग, बाई?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवसापासून तिची बदली शाळकरी मुलींच्या संघाकडे झाली. मनोऱ्याची जागा पहिल्या पाचांतून गेली आणि महिन्याभरात तो क्लबमधूनच गेला. खालच्या गटातल्या एका संघानं त्याला घेतलं होतं. दूरच्या शहरात.

जायच्या दिवशी दोघं जिन्यात भेटले. भेटायचं ठरलं नव्हतं. लिफ्ट चालू होती, तरी दोघांनीही जिनाच धरला होता.

"पोटरीचे व्यायाम सोडू नकोस," ती म्हणाली.

"नाही सोडणार, डॉक्टर."

"मी डॉक्टर नाही..."

"माहीत आहे." तो हसला नाही. वळणावर दिवा लागलेला होता, त्यानं बसवलेलाच. त्याखालून जाताना त्यानं सवयीनं मान वाकवली, आणि उतरून गेला.

ताईच्या दुकानात ती एकदा जाऊन आली. ताईनं चहा दिला, बसवून घेतलं, पण त्याचा विषय काढला नाही. कात्री चालवता चालवता एवढंच म्हणाली, "सदरे पाठवलेत मी त्याला. बाह्या बरोबर आल्यात म्हणे, पहिल्यांदाच."

तो आता सामन्यात सरासरी चौदा मिनिटं खेळतो. पूर्वी चौतीस खेळायचा. दर सामन्याला हुकलेले सहा चेंडू काढतो. पूर्वी तेरा. त्याच्या उडीचा आकडा कुठेही छापून आलेला नाही. त्या क्लबात तसा फळाच नाही म्हणतात.

काल मंगळवार होता. सात वाजून दहा मिनिटांनी तिच्या फोनवर एक फोटो आला. सात महिन्यांत पहिलाच. सोबत मजकूर नाही. निळसर रंगाची भिंत, कुठलीही असू शकेल. तिच्यावर खडूच्या चार खुणा. एक खाली, तीन वर, तिसरी सर्वांत वर. टेप नाही, आकडा नाही. फोटोत जमीनही नाही, त्यामुळे खालची खूण किती उंचीवर आहे ते कळायला मार्ग नाही. तिनं फोटो मोठा केला. दोन बोटांनी अंतर मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

तिनं 'किती?' असं लिहिलं. पुसलं. मग दोनच शब्द लिहून पाठवले — 'अजून एकदा.'

सात वाजून चौदा मिनिटांनी त्यानं ते वाचलं, असं फोन दाखवतो. हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही.