परक्या नदीच्या काठावर

बदनापूर स्टेशनच्या फलाटावर कुणीतरी प्रभावतीची पत्र्याची पेटी पायानं सारली आणि त्या जागी ज्वारीच्या पिठाचं पोतं आणून ठेवलं.

“अहो, ती पेटी माझी हाय!”

“माफ करा. पण तिकडची फरशी ओली. पेटी भिजली तर पुसता येते, पीठ भिजलं तर...” उंच, सावळा माणूस घाम पुसत वळला आणि तिच्याकडं बघून बोलता बोलता थांबला. “कुठं निघालात?”

“बांगलादेशात.”

तो हसला. “मंग एकाच डब्यात बसायचं. पीठबी तिकडंच निघालंय.”

१९७२ साल नुकतंच लागलं होतं. युद्ध संपलं होतं, आणि निर्वासित माणसं आपापल्या जळालेल्या गावांकडं परतत होती. त्यांच्यासाठी जालन्याकडून स्वयंसेवकांची एक छोटी तुकडी निघाली होती. प्रभावती त्यातली नर्स. हा माणूस हसनाबादचा धर्मराज, तुकडीचा स्वयंपाकी. निरोप द्यायला आलेले प्रभावतीचे वडील, अप्पाराव मास्तर, त्याला “जय भीम” म्हणाले. त्यानं वाकून उत्तर दिलं आणि पेटी स्वतःच उचलून गाडीत चढवली.

तिकडं नदीकाठी बांबूच्या तट्ट्यांचा दवाखाना उभा राहिला. सगळीकडं पाणी... आभाळातून, पायाखालून, कपड्यांतून. कॉलऱ्याचे रोगी होडीतून येत. दिवसभर सलाईन लावून प्रभावती बाहेर आली, की धर्मराज हातात कप देई. बंगाली डॉक्टरांना बिनसाखरेचा, केरळच्या नर्सला कडक, हिला आलं घालून. कुणाचं पोट बिघडलं, कुणाला घरची आठवण येते, कोण जेवता जेवता उठलं... सगळं त्याच्या ध्यानात असे.

“तुम्ही लोकांची सेवा करायला आलात, अन् आमचीच करून राह्यलात,” ती एकदा म्हणाली.

“तुम्ही उभ्या राह्यलात तर ते वाचतील. माझा हिशोब सोपा हाय, सिस्टर.”

“मला सिस्टर म्हणू नका.”

“का बरं? समदे म्हणतात.”

“समदे म्हणू द्या... तुम्ही नका.”

तो चुलीत फुंकर मारत राहिला. धुरामुळं की कशामुळं, त्याचे कान लाल झाले होते.

तुकडीत कुंभार पिंपळगावचा भुजंग होता. अंगानं दणकट, तोंडानं बडबड्या. होडीतून रोगी आणायचं काम त्याच्याकडं. श्रावणात नदी फुगली आणि एका दुपारी त्याची होडी उलटली. त्यानं दोघांना काठावर ओढलं. तिसरी एक बाळंतीण होती. तिचा हात त्याच्या हातात होता... आणि सुटला.

त्या दिवसापासून भुजंग बोलेनासा झाला. ताट समोर ठेवलं तर बघत बसे. बाकीचे समजावत, रागवत. धर्मराज मात्र काही बोलत नसे. काठावर त्याच्याशेजारी पावसात बसे आणि लहान लेकराला भरवावं तसा भाकरीचा एकेक घास त्याच्या तोंडाशी नेई.

एका संध्याकाळी भुजंग उठला आणि नदीत चालायला लागला. पाणी छातीला लागलं तेव्हा धर्मराजनं त्याला मागून मिठी मारली. दोघं चिखलात पडले. प्रभावती धावत गेली, तर भुजंग पहिल्यांदाच हुंदके देत होता आणि धर्मराज त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होता, “रड बाबा. मी हाय. कुठं जात न्हाई मी.”

डॉक्टरांनी सांगितलं, याला घरी न्यायला हवं. आणि तो धर्मराजशिवाय कुणाचंच ऐकत नव्हता.

लाँचच्या धक्क्यावर पाऊस पडत होता. भुजंग आत जाऊन बसला. धर्मराज मागं रेंगाळला.

“तुम्हीबी चला,” तो हळूच म्हणाला.

“वॉर्ड भरलाय. कशी येऊ?”

“माहीत हाय. तरी... म्हणून बघितलं, प्रभावती.”

तिचं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आलं. तिला पुष्कळ बोलायचं होतं. तिनं फक्त आपली कोरडी शाल त्याच्या खांद्यावर टाकली. लाँच सुटली, आणि पावसाच्या पडद्याआड तो दिसेनासा झाला.

मग संध्याकाळचा चहा तिनं हाती घेतला. कोण गप्प आहे, कोण जेवलं नाही, ते ती बघू लागली. नवी आलेली एक पोरगी रोगी दगावला म्हणून कोपऱ्यात रडत होती, तिच्याजवळ बसून राहिली. इतरांचं दुःख असं रोज अंगावर घेणं किती जड असतं, ते तेव्हा तिला कळलं. आणि वाटलं, धर्मराज हे सगळं कुठं नेऊन ठेवत असेल?

पुढच्या उन्हाळ्यात ती परतली, तेव्हा इकडं दुष्काळ होता. मनमाडपासून खिडकीतून नुसती करपलेली जमीन दिसत होती. चार दिवस घरी राहून तिनं वडिलांशी काय बोलायचं ते बोलून घेतलं आणि हसनाबाद गाठलं. धर्मराजचा भाऊ म्हणाला, “तो घरी कुठं? भुजंगला सोडायला गेल्ता, तिकडंच राह्यलाय.”

कुंभार पिंपळगावात भुजंगची आई, गोजरबाई, तिला अंगणातच भेटली. “तूच का गं ती नर्सबाई? ये, आत ये.” पाण्याचा तांब्या देत ती सांगू लागली, “आमच्या घरात त्याचं जेवण-खाणं, ऊठबस बघून गावानं लई नाकं मुरडली. म्हणले, त्याला बाहेर ठेव. मी म्हणलं, माझ्या लेकाला त्यानं मरणातून ओढलं, त्याला मी बाहेर ठेवू? बिलकुल न्हाई. आता दोघं दुष्काळी कामावर जातात. भुजंग बोलतोय, हसतोयबी. पर ह्यो धर्मराज... ह्यो काई आतून बरा न्हाई, पोरी.”

गावाबाहेर पाझर तलावाचं खोदकाम चालू होतं. एका निंबाखाली मजुरांना वाटायच्या सुकडीची, गूळ घातलेल्या भाजक्या पिठाची, मोठी कढई होती, आणि कढईमागं तो. वाळलेला, दाढी वाढलेली. तिला बघून त्याचा हात थांबला. पलीकडून भुजंगनं तिला ओळखलं, धावत येऊन त्याच्या हातातलं उलथनं घेतलं आणि म्हणाला, “जा. मी बघतो.”

दोघं तलावाच्या कोरड्या भरावावर बसले.

“भुजंग बरा झालाय,” ती म्हणाली. “मंग घरी का गेला न्हाईत?”

त्यानं भरावातलं एक ढेकूळ उचलून मुठीत फोडलं. मग म्हणाला, “होडीत रोगी कमी बसवा, असं भुजंग म्हणाला होता. त्याच्या माघारी, जेवायची वेळ झाली, समद्यांना एकाच खेपेत बसवा, असा निरोप होडी भरणाऱ्यांना... मी धाडला होता. मी. त्याला कधी सांगितलं न्हाई. कुणालाच न्हाई.”

आणि इतके महिने सगळ्यांना धरून ठेवणारा तो माणूस गुडघ्यांत डोकं घालून रडू लागला. प्रभावतीनं त्याला समजावलं नाही. त्याचा चुलीनं भाजलेला, खरबरीत हात आपल्या हातात घेतला आणि धरून बसली. खाली माणसं बघत होती. बघू देत...

“भुजंगला सांगा,” ती शेवटी म्हणाली. “मी बाजूला बसते.”

धर्मराजनं सांगितलं. भुजंग ऐकत राहिला, पांढरा पडला, उठून दूर गेला. पुष्कळ वेळानं परत आला. “नदी फुगलीय ते मलाबी दिसत होतं,” तो म्हणाला. “तरी मी निघालो. दोघांचंबी हाय ते. पर तू एकट्यानं कशाला वाहिलंस रे?” आणि त्यानं धर्मराजला छातीशी धरलं.

ऊन उतरल्यावर धर्मराज तिला बसपर्यंत सोडायला आला. रस्ताभर तो काही म्हणणार असं वाटे, आणि राही.

“माझ्यासारख्याशी...” त्यानं एकदाचं तोंड उघडलं. “मी सैपाकी माणूस. तुम्ही शिकलेल्या. आता तर माझी चूकबी तुम्हाला माहीत. मी कोणत्या तोंडानं...”

“लई लांबण लावता हो तुम्ही,” ती म्हणाली. “जल्दी बोला, बस आली.”

“मास्तर काय म्हणतील?”

“काय म्हणायचं ते चार दिवस म्हणाले.” ती पायरीवर चढली. तिथून तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यासमोर आला. “येत्या ऐतवारी तुम्हाला घरी बोलावलंय. दाढी करून या.”

बस हलली. त्या तडकलेल्या माळावर, धुळीच्या लोटात, धर्मराज दोन्ही हात वर करून उभा होता... आणि कितीतरी महिन्यांनी हसत होता.