सोमवारचा प्रश्न

माझी खिडकी! कंपनीच्या बसमधली, डावीकडची तिसरी. त्या दिवशी तिथे हा बसलेला. शंभू. परभणीहून आलेला, आमच्या ऑफिसात नुकताच लागलेला.

"अहो, ही माझी जागा आहे."

"नाव लिहिलंय का?" म्हणाला, आणि हसत सरकलासुद्धा. हसणं छान होतं. त्याचाच जास्त राग आला.

खराडीच्या ऑफिसपर्यंत तासभर लागायचा. महिन्याभरात 'अहो'चं 'अरे' झालं. आणि मग ते सुरू झालं—

"उल्का, तुमच्याकडे ठेचा चालतो का गं?"

"न चालायला काय झालं?"

पुढच्या आठवड्यात, "तुमच्याकडे पाहुणे चार-चार दिवस राहिलेले चालतात?" मग, "तुमच्याकडे मोठ्यानं बोललेलं चालतं?"

मी सॉफ्टवेअर टेस्टर. तीच गोष्ट तिसऱ्यांदा दिसली की नोंद करायची, हे आमचं काम. केली. अकरा प्रश्न, अकराही सोमवारी! इतर दिवशी चकार शब्द नाही. हा आम्हा पुण्याच्या पेठेतल्या लोकांची टिंगल करतोय, माझी खात्रीच झाली. तरी मी वेडी सोमवारची वाट बघायचे… अबोली कुर्ता घालून.

आणि इकडे आईने मला बघायला एक मुलगा बोलावला. शंभू आपला ठेच्यावरच!

बारावा सोमवार. "उल्का, तुमच्याकडे…"

"पुरे!" अख्खी बस वळली. "आम्हाला काय प्रदर्शनात ठेवलंय? दर सोमवारी काय रे?"

"चिडायलीस कशाला?" त्याचे कान लाल झाले. "मी नाही, आई विचारती. रविवारी घरी फोन करतो ना…"

"आईंना काय करायचंय?"

"तुझ्याबद्दल सांगितलंय तिला… केव्हाच. घाबरायली ती. पुण्याचे लोक आपल्याला जवळ करतील का, म्हणती."

"म्हणजे परभणीला कळलंय, आणि शेजारी बसणाऱ्या मला नाही?" इतका संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं. "मूर्ख! तीन महिने मी इथे—"

"तीन महिने काय?"

"काही नाही! आजचा प्रश्न सांग."

"तुमच्याकडे… परभणीचा जावई…"

"ते माझ्या बाबांना विचार. रविवारी दहा वाजता एक मुलगा येतोय मला बघायला. तू नऊला ये." मी खिडकीकडे तोंड फिरवलं. "आणि येताना आईंना घेऊन ये. चार दिवस राहू देत. आमच्याकडे चालतं."