नळीतून न जाणारा टोमॅटो

प्रेम ही मानवी जीवनातली सर्वांत उदात्त भावना असून ती माणसाला क्षणात देवत्वाच्या जवळ नेऊन ठेवते, असं जाणकार सांगतात. आमच्या गोष्टीतल्या ताईला ती भेटली, तेव्हा ताईच्या तोंडात प्लास्टिकचं वांगं होतं.

"अहो बाई… ते खायचं नसतं," मागून कुणीतरी म्हणालं.

ताईने वांगं तोंडातून काढलं आणि वळून पाहिलं. खेळण्यांच्या त्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी एक बाक होता. त्याची गादी उसवून एक माणूस जमिनीवर मांडी घालून बसला होता. ओठांत सुई, केसांत फोमचे कण आणि डोळ्यांत (हे ताईला मुळीच आवडलं नाही) हसू.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "रंग निघतो का ते बघतेय."

"मग? निघाला?"

"निघाला."

"दिसतंयच. ओठ जांभळे झालेत तुमचे." त्याने सुई काढून हातात धरली. "तसे वाईट नाही दिसत हो…"

ताईने ओठ पुसले आणि वांगं टोपलीत आपटलं. ती आधीच वैतागली होती. पाळणाघरातल्या दोन ते चार वर्षांच्या पोरांसाठी खोट्या स्वयंपाकघराचं सामान निवडायचं होतं. काम म्हटलं तर इतकं सोपं, की ते कुणालाही सांगितलं तरी माणूस हसायचा. पण मागच्या खेपेच्या भाज्या मधोमध वेल्क्रोच्या चिकटपट्टीने जोडलेल्या होत्या. त्या पट्ट्यांनी पोरांचे केस असे काही धरले की महिन्याभरात गाजराला दाढी आली. त्यानंतरचा मटार एका नाकात सापडला. तेव्हापासून पाळणाघराच्या मॅडमनी धोशा लावला होता, "सोमवारपर्यंत धड सामान आण, नाहीतर त्या कोपऱ्यात मी टीव्ही बसवते. टीव्ही कुणी नाकात घालत नाही."

ताईचा सगळा जीव त्या कोपऱ्यात होता. दिवसभर एक शब्द न बोलणारी पोरं तिथे येऊन "जेवलीस का गं?" विचारायची.

तिने पर्समधून पुठ्ठ्याची एक नळी काढली. टॉयलेट पेपर संपल्यावर उरते ती. एकेक खेळणं तिच्यात टाकू लागली. द्राक्षं गेली. अंडं गेलं. चीजचा तुकडा डौलात गेला.

"ही कसली जादू?" सोफावाल्याने विचारलं. तो सोफे-गाद्या शिवायचा, म्हणून आपणही त्याला तेच म्हणू.

"यातून जे आरपार जातं, ते पोराच्या घशात अडकू शकतं. आमच्याकडे नापास." तिने शेवटची आशा म्हणून मीठदाणी टाकली. तीही खाली पडली. "गेली! आता काय सांगू मी तिला?"

"कुणाला?"

"फौजदारीणबाईंना. साडेतीन वर्षांच्या आहेत. रोज विचारतात, मीठ कुठाय."

सोफावाला थोडा वेळ त्या नळीकडे बघत राहिला. मग नळीपेक्षा जरा जास्त वेळ ताईकडे. "माझ्याकडे कापडाचे तुकडे पडलेत ढीगभर… मी शिवून देऊ?"

"तुम्हाला येतं?"

"टोमॅटो म्हणजे काय हो? गोल उशीच की."

दुसऱ्या दिवशी तो टोमॅटो घेऊन पाळणाघरात हजर झाला. लालबुंद, गुबगुबीत, वर देठाच्या जागी हिरवं बटण. ताईने टोमॅटो हातात घेतला, बटण दातात धरलं आणि खस्सकन ओढलं.

"अहो!"

"सुटलं," ताई म्हणाली.

"तुम्ही दातांनी ओढलंत!"

"मग पोरं काय चिमट्याने ओढणार आहेत?"

तो मुकाट्याने टोमॅटो घेऊन गेला. पुढच्या दिवशी देठ भरतकामाचा होता. ताईने ओढून पाहिला, चावून पाहिला, बादलीत बुचकळून पाहिला. नळी त्याच्यावर ठेवली, तर ती टोपीसारखी बसून राहिली.

"वाऽ, काय छान झालाय!" ताई म्हणाली, आणि सोफावाल्याचे कान टोमॅटोच्या रंगाचे झाले.

मग गाजर आलं. त्याला कडेने सोफ्यासारखी गोट लावलेली होती.

"गाजराला गोट कशाला?"

"शोभा येते."

"गाजराला?"

"बघणाऱ्याला नजर हवी," तो म्हणाला. पण बघत होता ताईकडे. पाळणाघरातल्या मदतनीस मावशी तेवढ्यात जोरात खोकल्या. त्यांना खोकला नव्हता.

ब्रेड, अंडं आणि सूपच्या भाज्या शनिवारपर्यंत द्यायचं ठरलं. सगळं सुरळीत चाललं होतं. असं चाललं की काहीतरी होतंच.

गुरुवारी दुपारी त्याने डबा आणला. "तुम्ही दिवसभर जेवताना दिसता," तो म्हणाला, "पण जेवत काहीच नाही. म्हणून… सँडविच आहे. काकडीचं. मी केलंय."

पण ताईला त्या घडीला सवडच नव्हती. एका बाजूने रिकाम्या कपातून चहा आला होता. दुसऱ्या बाजूने फौजदारीणबाई विटेचा केक पुढे करत होत्या. ताईने चहा प्यायला, केक खाल्ला, सँडविच उचललं, तोंडाजवळ नेलं, "अम् अम् अम्… वाऽ, काय छान झालंय!" म्हणाली, पोटावरून हात फिरवला, सँडविच जसंच्या तसं डब्यात ठेवलं आणि डबा त्याच्या हातात परत दिला. मग वळून एकाचं नाक पुसू लागली.

सोफावाल्याने त्या अख्ख्या सँडविचकडे पाहिलं. झाकण लावलं. आणि निघून गेला.

"अगं, काय केलंस हे?" मावशी म्हणाल्या.

"काय केलं?"

"त्याचं खरं सँडविच खोटं खोटं खाल्लंस!"

ताईने कपाळावर हात मारला. हातात नाक पुसायचा रुमाल होता, पण ते तिच्या लक्षात आलं नाही.

शुक्रवारी तो आला नाही. फोनही उचलला नाही. शनिवारी मॅडमनी कोपऱ्यातली भिंत टीव्हीसाठी मापून घेतली. एका टोमॅटोवर आणि गोटवाल्या गाजरावर स्वयंपाकघर वाचणार नव्हतं.

"जा की त्याच्या दुकानात," मावशी म्हणाल्या.

"मी कशाला जाऊ? मी काय त्याची…"

"ब्रेड आणायला गं."

दुकानात नव्या कापडाचा आणि गोंदाचा वास भरला होता. तो एका आरामखुर्चीवर वाकून बसला होता. बाजूला उघडा डबा, त्यात आजचं, अर्धं खाल्लेलं काकडीचं सँडविच. फळीवर ब्रेड, अंडं, भाज्या, सगळं तयार होतं.

"घेऊन जा," तो मान वर न करता म्हणाला. "द्यायचं ठरलं होतं, दिलं. छान झालंय वगैरे म्हणू नका म्हणजे झालं."

"अहो, सवय आहे ती! दिवसाला पन्नास जेवणं करते मी असली…"

"तेच म्हणतोय. टोमॅटोलाही तुम्ही हेच म्हणाला होतात. असंच 'वाऽ' करून."

"टोमॅटोला खरं म्हटलं होतं!"

"ते मी कसं ओळखायचं?" आता त्याने वर पाहिलं. डोळ्यांत हसू नव्हतं, आणि त्याच्याशिवाय ते डोळे ताईला बघवेनात.

प्रश्न रास्त होता. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि डब्यातलं त्याचं उष्टं सँडविच उचलून घास घेतला. मोठा. चावला, चावला… गिळला. आणि पोरांना औषध दिल्यावर करायला लावतात तसं तोंड उघडलं.

"आऽऽऽ! बघा! आहे काही? जिभेखाली पण बघा."

त्याने पाहिलं. तपासणीला लागतो त्याहून बराच जास्त वेळ पाहिलं.

"कसं होतं?" त्याने हळूच विचारलं.

"काकडी कडू आहे. आणि मीठ घालायला विसरलात."

"म्हणजे…" त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. "म्हणजे खरंच खाल्लंत!"

"मग काय सांगतेय मघापासून!"

"कडू होतं, तरी?"

"हो… तरी." हे म्हणताना ताईचा आवाज उगाच बारीक झाला, आणि उरलेला घास तिने त्याच्याकडे न बघता संपवला.

सोमवारी मॅडम टीव्हीवाल्याला सोबत घेऊनच आल्या. फौजदारीणबाईंनी त्यांना हाताला धरून टेबलाशी नेलं आणि कापडी भाज्यांचं सूप वाढलं.

"नको गं, माझं पथ्य आहे," मॅडम म्हणाल्या.

"पथ्याचंच केलंय," फौजदारीणबाई म्हणाल्या. "सगळं संपवायचं. सांडायचं नाही."

मॅडम बसल्या. संपवलं. आणखी मागितलं. मग त्यांनी टीव्हीवाल्याला टीव्ही आपल्या केबिनमध्ये लावायला सांगितलं.

कोपरा वाचला. त्या आनंदात ताई आणि सोफावाला पोरांच्या इवल्या खुर्च्यांवर समोरासमोर बसले. गुडघे हनुवटीला टेकत होते. अशा अवस्थेत माणूस फार काळ अभिमान बाळगू शकत नाही.

"एक विचारू?" तो म्हणाला. "त्या नळीत तुम्ही सगळं घालून पाहिलंत… मला नाही पाहिलंत."

"तुम्ही नाही जाणार त्यातून."

"म्हणजे पास?"

ताई गाजराची गोट बोटांनी चाचपत बसली.

"काकडी चाखून घेत जाईन," तो म्हणाला. "रोज. आयुष्यभर… चालेल? पण खोटं खोटं नका हं सांगू."

तिने वर पाहिलं. "हो," ती म्हणाली. "खरं खरं… हो."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला. फौजदारीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आपली ताटली पुढे सरकवली आणि म्हणाल्या,

"काका, तुमचं झालं असेल तर जरा मीठ द्या."