वेस्टरगोर म्हणजे पश्चिमेचा मळा

दूध थंड करायचं यंत्र बसवायला डेन्मार्कहून येन्स वेस्टरगोर आमच्या बारामतीच्या डेअरीत आला आणि त्याची सरबराई माझ्या गळ्यात पडली. मी तिथला इंजिनिअर. रविवारी मी त्याला इंदापूर तालुक्यात कळसला, माझ्या सासऱ्यांच्या मळ्यावर जेवायला नेलं. सासरे गेल्यापासून मळा मीच बघतो, राहतोही तिथंच. घरजावई म्हणा हवं तर. लोक म्हणतातच.

आंब्याखाली पंगत बसली. माझी आई सांगवीहून नातीला बघायला आली होती. तीच भाकरी वाढत होती.

येन्सनं आडनावांचा विषय काढला. त्यांच्याकडे बरीच आडनावं 'सेन'वर संपतात, म्हणजे अमक्याचा मुलगा. हान्सचा हान्सेन, नील्सचा नील्सेन.

"माझं वेगळं आहे," तो म्हणाला. "वेस्टरगोर म्हणजे पश्चिमेचा मळा. आमचा एक पूर्वज लग्न करून त्या मळ्यावर राहायला गेला आणि मळ्याचंच नाव त्याला चिकटलं."

"आणि त्याचं आधीचं?"

"ते आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. तुझं काय नाव?"

माझे चुलतसासरे विजयसिंहतात्या शेजारीच बसले होते. त्यांना आमच्या इंग्रजीतलं 'नेम' तेवढं कळलं. माझ्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "ह्ये आमचं खारतोडेच की!"

मी भापकर. वडील बैलगाडीनं कारखान्याला ऊस वाहायचे. पण इंदापुरात खारतोडे म्हटलं की लोक खुर्ची पुढे करतात, भापकराला कोण विचारतो? मी हसलो. येन्सला खारतोडेचं स्पेलिंगसुद्धा सांगितलं. समोर भाकरी धरलेला आईचा हात थांबला होता. मान वर करायचं धाडस मला झालं नाही. लाज वाटली, आणि ती वाटूनही मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी डेअरीत नीळकंठनं हाक मारली, "खारतोडे, चहा घेणार?"

नीळकंठ माझा कॉलेजपासूनचा मित्र. येन्सनं सांगितलं असणार आणि हा आता चिडवतोय, असं मला वाटलं.

"पुरे कर," मी म्हणालो.

"काय पुरे करू?" त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

मी टेबलावरच्या माझ्या पाटीकडे पाहिलं. रणजित जोतीराम खारतोडे. जोतीराम माझे सासरे. माझ्या वडिलांचं नाव सोपान. कुणी नवी पाटी आणून ठेवली असेल म्हणून मी ती उचलून बघितली. कडेचा रंग उडालेला होता. कोपऱ्यावर माझ्याच हातून सांडलेल्या चहाचा जुना डाग होता.

संध्याकाळी बायकोला विचारलं, "सोनम, लग्नाआधी माझं आडनाव काय होतं?"

ती कणीक मळत होती. "म्हंजी? खारतोडेच की. बरं वाटत न्हाय का तुमाला?"

सकाळी उठून मी थेट सांगवी गाठली.

आई अंगणात मेथी निवडत बसली होती. मोटारसायकलचा आवाज ऐकून तिनं वर पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला. लगबगीनं आत गेली, घोंगडी आणून अंथरली, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"बसा, पाव्हणं. कुठनं आला?"

"आई, मी रणजित."

"रणजित हितं नसतो आता." ती पुन्हा मेथीशी बसली. "त्येला आमी कळसला दिला."

दिला म्हणाली. लेक देतात तसं.

मी तिच्यासमोर बसलो. चेहरा उजेडात धरला. तिनं पाहिलं, नीट पाहिलं, आणि परक्या पुरुषासमोर खाली घालावी तशी नजर खाली घातली.

"तुमी कुणापैकी म्हनायचं?"

भापकर म्हणायला मी तोंड उघडलं.

"खारतोडे," मी म्हणालो.

"मंग वळखत आसाल त्येला." तिचे हात थांबले. "त्येला येवढं सांगा. आईची लाज वाटत आसंल तरी एकदा तोंड दावून जा म्हनावं."

मला रडायचं होतं. तिचे पाय धरायचे होते.

"सांगतो, मावशी," मी म्हणालो.