तुमचंच आहे, खानूम

विश्वास ठेवा नाहीतर राहू द्या. हे माझ्याच घरात घडलंय. इराणमधल्या यझ्दच्या जुन्या वस्तीत, गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी.

आम्ही घरातल्या खोल्या पर्यटकांना देतो. लोक येतात ते आमच्या बादगीरपायी. छतावरचा मातीचा मनोरा, वरचा वारा धरून खाली सोडणारा. बाहेर अंगाची लाहीलाही होत असली तरी आत पांघरूण लागायचं.

आमच्या दाराला वाजवायच्या दोन कड्या. जाड पुरुषांची, बारीक बायकांची. आवाजावरून कळतं कोण आलंय.

त्या दुपारी...

दोन्ही एकदम वाजल्या.

दारात एकटीच म्हातारी. सामान नाही. त्या उन्हात कपाळावर घामाचा थेंब नाही.

मी तिला आत बसवलं, सरबत दिलं. तिने मान वर केली. "अगं बाई, काय वारा आहे!"

"तुमचाच आहे, खानूम," मी म्हटलं.

आमच्याकडे पाहुण्याने कशाचीही तारीफ केली की असंच म्हणायचं असतं. पाहुणा म्हणतो, छे छे, तुमच्याकडेच शोभतं. विषय संपला.

ती म्हणाली, "बरं. घेते."

आणि वारा...

थांबला.

मला वाटलं, बाहेरच पडला असेल. ती अंगणातल्या कारंज्याकडे बघत होती. "पाण्याचा आवाज किती छान!"

मेली माझी जीभ! जन्माची सवय. "तुमचाच आहे," निघून गेलं तोंडातून.

"घेते."

कारंजं उडत होतं. पण आवाज...

नव्हता.

तेवढ्यात माझी सहा वर्षांची तरलान मांजरामागे धावत, खदखदून हसत आली.

म्हातारीची नजर तिच्यावर खिळली. "किती गोड हसते पोर!"

मी ओठ दातांखाली दाबला. रक्त आलं, पण बोलले नाही. पाहुण्याला उत्तर न देणारी बाई म्हणून गावभर नाव झालं असतं. होऊ दे म्हटलं.

ती वाट बघत राहिली.

माझा नवरा, करामत, चहा घेऊन आला. "तूबा, मूग गिळून काय बसलीस? पाहुण्या काय म्हणतायत!" आणि तिच्यापुढे वाकून म्हणाला, "तिचं हसू तुमचंच आहे, खानूम."

"करामत, शब्द मागे घे!" मी किंचाळले.

"वेड लागलंय का तुला? पाहुण्यांसमोर!"

"घेते," म्हातारी म्हणाली, आणि उठली. चहाला हातही लावला नाही. दार उघडल्याचा आवाज आला नाही, पण ती गेली होती.

तरलान ठणठणीत आहे. जेवते, शाळेत जाते. फक्त हसत नाही. गुदगुल्या केल्या तर नुसती बघत राहते.

पर्यटक येतात, घामाघूम होतात, निघून जातात. करामत म्हणतो, "हवा बदलली, पोर मोठी झाली, तुझं आपलं काहीतरीच." मी त्याच्याशी कामापुरतं बोलते. दोन गोड शब्दांच्या हौसेपायी या माणसाने लेकीचं हसू देऊन टाकलं. कधीच माफ करणार नाही मी त्याला.

गल्लीच्या टोकाला एक पडकं घर आहे. त्याचा बादगीर कधीच कोसळलाय. पण हल्ली दुपारी तिथून गार वारा येतो. पाण्याचा आवाज येतो.

आणि...

एक पोर खदखदून हसते.

मी इथे तरलानला मांडीवर घेऊन बसलेली असते. ती कान देऊन ऐकते. "आई, कोण गं ती? किती गोड हसते!"

"तुझंच आहे ते," मी म्हणते.

"घेते," ती म्हणते.

काही होत नाही.